महाराजांची एक फुंकर

"विषारी हवा दरबारात आणायची नाही. आम्हाला टाकीवर न्यायचं नाही. तरी ही पट्टी हवेतलं विष ओळखते, हे आत्ता, इथंच दाखव! नाहीतर उद्या तुझा बाप टाकीत उतरेल!" वीरधवल महाराज गरजले.

समोर उभी होती दगडोबा रंगाऱ्याची लेक सगुणा. महाराजांच्या रंगाच्या कारखान्यात टाक्या घासायला माणसं आत उतरत आणि विषारी वायूनं भोवळ येऊन पडत. गेल्या महिन्यात दोघं दगावले, आता पाळी दगडोबाची. पोरीच्या जिवाचं पाणी पाणी झालं हो! तिनं डोकं लढवलं. काचेच्या पट्टीवर जस्ताच्या भस्माचा थर चढवला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पट्टी तापवायची, तिला विजेची तार जोडायची, तारेला घंटी. थराला वायू लागला की घंटी वाजे.

"विष नाही तर ही ओळखणार काय? कप्पाळ!" दिवाणजी खुसखुसले.

"महाराज, दरबारातलीच हवा चालेल ना?" सगुणानं विचारलं.

"चालेल की!"

पट्टी तापली. दिवाणजींनी फुंकर मारली. घंटी गप्प. सेनापतींनी मारली. गप्पच!

"आता महाराजांनी एक मारावी."

महाराजांनी गाल फुगवून फुंकर मारली मात्र, ठण ठण ठण! घंटी थांबेचना!

"हे काय गं?" महाराज दचकले.

"दारूची वाफसुद्धा हिला लगेच कळते, महाराज."

अहो, पाडव्यालाच महाराजांनी राणीसाहेबांसमोर तुळशीला हात लावून दारू सोडली होती. आणि राणीसाहेब शेजारीच बसलेल्या!

"खोटारडी आहे ही पट्टी!" महाराज ओरडले.

सगुणानं हात जोडले. "असेलही, महाराज. मग राणीसाहेबांनीच जरा जवळ येऊन महाराजांच्या तोंडाचा वास घ्यावा. पट्टी खोटी निघाली, तर मी आत्ता फोडते!"

राणीसाहेब पदर सावरत उठल्या.

"थांबा, थांबा! पट्टी खरी आहे! अगदी खरी!" महाराज सिंहासनाच्या मागच्या कडेपर्यंत सरकले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. "हरलो, पोरी! माग, काय हवं ते!"

"प्रत्येक टाकीवर पट्टी. घंटी वाजली की कुणी आत उतरायचं नाही."

"दिलं! आणि पट्ट्या करायला कारखान्यात तुला खोली, वर शंभर मोहरा!"

"सगुणा," राणीसाहेब गोड आवाजात म्हणाल्या, "पहिली पट्टी मात्र आमच्या महालाच्या दारावर हं!"