अमृतरावांनी मागितलेले कातडे

भाविकहो, लिंबाजी महाराजांचा मुक्काम त्या वर्षी बालाघाटच्या डोंगरातल्या खडकवस्तीवर होता. कोणी भक्ताने देवळाला शेळी वाहिली, की महाराज ती एखाद्या गरिबाच्या दावणीला बांधत. अट एकच. तिची पहिली पाट, म्हणजे मादी करडू, पुढच्या गरिबाला द्यायची. अशी सात घरे दुधाला लागली होती.

वस्तीवरचे बडे शेळीमालक अमृतराव, त्यांना हे भारी खुपे. त्यांच्या शंभर शेळ्या अर्धेलीने दिलेल्या. निम्मी करडे मालकाची. करडू मेले तर पाळणाऱ्याने कातडे आणून दाखवायचे. कातडे नाही, तर तो चोर! आता लोक त्यांच्या दारी फिरकेनासे झाले होते. "महाराजांच्या शेळ्या ना? कुंपणच शेत खाणार बघा," असे ते चारचौघांत हसून म्हणत.

आठवी शेळी विधवा भिवराबाईकडे होती. तिची पाट द्वारकाला जायची होती. द्वारकाच्या पदरी दोन कच्चीबच्ची, आणि घरात दुधाचा थेंब नाही.

एके सकाळी भिवराबाई पदराखाली काही झाकून रडत देवळात आली.

"महाराज, पाट झाली, पण मेलेली! द्वारकाला म्या शब्द दिलाय. आता शेळीच घेऊन जाऊ द्या तिला."

अमृतराव देवळाच्या पायरीवरच बसले होते. "मेली म्हणं! विकली असशील. कातडं दाखव."

भिवराबाईने पदर बाजूला केला. इवलेसे करडू, मान लोंबकळलेली. "सुरी लावाया हात धजला न्हाई, मालक."

"मग मी सोलतो! टांगा ते कातडं देवळाच्या खांबाला. महाराजांच्या धर्माचं फळ दिसू द्या लोकांना."

जमलेली माणसे कुजबुजली. असे कोणी देवळात बोलते का! महाराज मात्र शांतपणे म्हणाले, "अमृतराव, कातडं तुम्हाला हवंय ना? मग हात तुमचाच लागू द्या."

अमृतरावांनी कमरेची सुरी काढली. करडू दगडासारखे गार होते. उभा जन्म शेळ्यांत गेलेला माणूस तो, मेलेले करडू त्यांना ओळखता येत नव्हते थोडेच! त्यांनी मागचे पाय धरले, पोटाला सुरीचे टोक टेकवले.

हाताखाली काहीतरी धडधडले.

ते थबकले. पुन्हा धडधडले. आणि करडाने त्यांच्या मुठीतून पाय झाडला, तोंड उघडले आणि ओरडले!

सुरी फरशीवर खणकन पडली. अमृतराव मटकन खाली बसले. करडू आंधळेपणाने आचळ शोधत आले आणि त्यांचे बोट चोखू लागले. कातड्यावाचून आपण आजवर किती जणांना चोर ठरवले, ते सगळे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

"महाराज," ते म्हणाले, "जित्या जिवाला सुरी लावत होतो मी!"

ते पाय धरायला वाकले. महाराज मागे सरले. "माझे नव्हे, बाबा. चोर कुणाला म्हणालास?"

अमृतरावांनी फेटा उतरवला आणि भिवराबाईच्या पायांवर डोके ठेवले. "अगं बाई, मालक, हे काय करताय!" म्हणत ती बिचारी घाबरून मागेच सरली.

तीन महिन्यांनी पाटीने आईचे दूध सोडले. द्वारकाकडे ती खांद्यावर घेऊन गेले ते अमृतरावच. झोपडीचे दार बुटके होते. ते वाकून आत गेले.