पहिल्या डावानंतर उठणाऱ्या बाई

खोटं वाटेल तुम्हाला, पण मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीवर उल्हासशेटनं पाटी लावली होती: 'रोजचा पहिला डाव हरलात तर पैसे परत!' त्या लोभानं लोक येत आणि पुढचे वीस डाव हरत. निवृत्त गणितशिक्षिका कुंदाबाई मात्र रोज पहिलाच डाव खेळत आणि उठून घरी जात.

महिन्याभरानं शेट भर गर्दीत त्यांच्यावर ओरडला, "बाई, उद्यापासून माझ्या बोटीवर पाय ठेवायचा नाही!"

"नाही ठेवत. फक्त माझा गुन्हा काय, तेवढं माईकवरून सगळ्यांना सांगा."

शेटनं तावातावानं माईक उचलला. खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवून कान टवकारले. 'ही बाई पहिल्या डावानंतर उठते,' एवढंच तर सांगायचं होतं! शेट त्या शंभर चेहऱ्यांकडे बघत राहिला. मग माईक बंद करून हळूच म्हणाला, "बाईंना कॉफी आणा रे."