आपूबायचा कोको

माडा-पोफळींच्या सावलीत वसलेल्या एका गावात आपोलीन नावाची एक बाई राहायची. लहानथोर सगळे तिला आपूबाय म्हणत. नवरा बोटीवर नोकरीला, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात ती एकटीच. पण डिसेंबर लागला की त्या गावात तिच्याइतका भाव कुणालाच नसायचा, आणि तो तिच्या कोकोमुळे.

पोफळींच्या मधल्या जागेत तिनं कोकोची झाडं लावली होती. नाताळाच्या आधी फळं पिवळी व्हायची. त्यांच्या बिया ती वाळवी, खापरीवर भाजी, साल काढून पाट्यावर वाटी आणि गूळ-जायफळ घालून त्याच्या वड्या थापी. गरम दुधात एक वडी टाकली की दूध तपकिरी व्हायचं आणि घरभर वास सुटायचा. नाताळच्या सकाळी प्रार्थना आटोपली की चर्चच्या अंगणात सगळा गाव जमायचा. ख्रिस्तीही यायचे, हिंदूही यायचे. आपूबाय पातेल्याशी उभी राहून ज्याच्या त्याच्या हातात कोकोचा पेला द्यायची. मग केळीच्या पानात बांधलेली वड्यांची पुडी घरटी एक. लोक वास घेत, डोळे मिटत आणि म्हणत, असा कोको दुसऱ्या कुणाला जमायचा नाही.

लोकांचं म्हणणं खरं होतं, कारण दुसऱ्या कुणाला त्यातली मेख ठाऊकच नव्हती. कोकोच्या बिया फळातून काढल्या की लगेच वाळवायच्या नसतात. गरासकट केळीच्या पानांच्या टोपलीत भरून, वर गोणपाट टाकून आठवडाभर त्या आंबू द्याव्या लागतात. तेव्हा कुठे त्यांचा कडूपणा मरतो आणि कोकोचा खरा वास जन्माला येतो. हे आपूबायलाही कुणी शिकवलं नव्हतं. एके वर्षी ती तापानं पडली आणि बियांची टोपली पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली विसरली. बरी झाल्यावर टाकून द्यायला म्हणून उघडली, पण जीव होईना म्हणून त्याच बिया भाजून बघितल्या, आणि तिला घबाड सापडलं. पण कोकोचं कौतुक झालं की ते शहाणपण मात्र तिचं स्वतःचं असायचं. माणसाचं असंच असतं. पडवीतून आंबूस वास यायचा तेव्हा ती सांगायची, मासळीसाठी शिर्का घातलाय. ख्रिस्ती घरात माडीचा आंबट शिर्का असणारच, म्हणून कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

एका वर्षी नाताळ महिन्याभरावर आला असताना आपूबाय विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर घसरली. उजवा हात मोडला. हाताला प्लास्टर घालून ती ओट्यावर बसली आणि झाडांवरची पिवळी फळं बघून तिचा जीव खालीवर होऊ लागला. हात दुखत होता, पण त्याहून जास्त दुखत होतं ते हे की यंदा पातेल्याशी आपण नसणार.

शेजारची द्वारका परब दुसऱ्याच दिवशी आली. द्वारका कष्टाळू बाई, बोलायला कमी आणि करायला पुढे. दिवाळीला तिच्या घरचा फराळ पहिल्यांदा आपूबायकडे यायचा.

"सण काय तुझ्या हातासाठी थांबाचो नाय," ती म्हणाली. "तू बसान सांग, मी करतंय."

आपूबायला बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली. आज हिला सांगितलं की उद्या साऱ्या वाडीला कळणार. परवा घरोघरी कोको होणार. मग माझ्या पातेल्याशी कोण येईल, आणि आपूबाय म्हणून मला कोण विचारील? त्या रिकाम्या घरात एवढं एक नाव तिच्यापाशी होतं. ते हातचं जाईल या धास्तीनं तिनं मनाशी एक हिशेब मांडला. सगळं सांगायचं, फक्त टोपलीचं नाही. कोको थोडा उणा उतरेल. लोक पितील आणि म्हणतील, आपूबायच्या हाताची गोष्टच वेगळी. त्यात कुणाचं काय नुकसान आहे?

तिनं सगळं सांगितलं. फळ कसं फोडायचं, बिया कशा धुवायच्या, ऊन किती लागतं, खापरी किती तापवायची, गूळ कुठला घ्यायचा. इतकं बारीक सांगितलं की काही उरलं असेल अशी शंकासुद्धा कुणाला येऊ नये. द्वारकानं एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली आणि कामाला लागली.

तिनं काम मान मोडून केलं. बिया धुतल्या, अंगणात पसरल्या, कोंबड्या हाकलत राखल्या. भाजताना हाताला चटके बसले, वाटताना खांदे भरून आले. आपूबाय ओट्यावरून हे रोज बघत होती. एकदोनदा तिच्या तोंडाशी शब्द आलेही. पण ते तिनं गिळले.

नाताळ तोंडावर आला तेव्हा द्वारका एक पेला घेऊन आली. तिच्या कपाळावर आठी होती.

"गे आपूबाय, चाखून बघ. कायतरी चुकल्यासारखा वाटता. तोंडात कडूपणा ऱ्हवता."

आपूबायनं घोट घेतला. कोको उणा नव्हता, वाईट होता. कडू, तुरट, जिभेला चिकटून राहणारा. तिला हे इतकं होईल असं वाटलं नव्हतं. अजूनही बोलायला वेळ होता. हा कोको बाजूला ठेवू, यंदा नुसती खीर करू, असं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण एकदा लपवलेलं बाहेर काढायचं तर आधी का लपवलं तेही सांगावं लागतं, आणि ते कुणाला जमतं?

"पयल्यांदा असाच होता," ती म्हणाली. "गूळ वाढव नि सोड."

द्वारकानं मान हलवली आणि घरून आणखी गूळ आणला.

नाताळची सकाळ उजाडली. प्रार्थना झाली, अंगण भरलं. नव्या कपड्यांतली पोरं पातेल्याभोवती गोळा झाली. द्वारकानं चांगलं लुगडं नेसलं होतं आणि केसांत अबोलीचा वळेसर माळला होता. ती पेले भरून देत होती. आपूबाय बाकावर बसून लोकांच्या तोंडांकडे बघत होती.

पहिला घोट झाला आणि अंगणातली बोलणी थांबली. पोरांनी तोंडं वाकडी केली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी पेला हळूच बाकाखाली ठेवला, कुणी झाडाच्या मुळाशी ओतला. पाद्रीबाबा तेवढे न बोलता पीत राहिले, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटी म्हातारा इनास, ज्यानं आयुष्यात कधी जिभेला लगाम घातला नव्हता, मोठ्यानं म्हणाला, "आपूबायच्या हाताची सर नाय बाबा ह्येका."

आणि मग सगळेच बोलू लागले. आपूबाय ती आपूबाय. येरागबाळ्याचं हे काम नव्हे. जी वाक्यं ऐकायची म्हणून तिनं एवढं केलं होतं, ती सगळीच्या सगळी, तिच्या मनात होती त्याहून चांगली तिच्या कानावर पडत होती. तिला सुख व्हायला हवं होतं. पण तिची नजर द्वारकावर होती. द्वारका पातेल्याशी उभी होती आणि तिचे चटके बसलेले हात पदराखाली गेले होते.

कुणीतरी कुजबुजलं, आपूबायनं हिला नीट सांगितलंच नसेल.

ते मात्र द्वारकानं ऐकलं. कधी चारचौघांत न बोलणारी ती बाई एक पाऊल पुढे आली.

"तिका बोल लावू नकात," ती म्हणाली. "तिना सगळा नीट सांगलेला. माझोच हात वाईट. तुमचो सण मी बिघडवलंय."

आपूबायच्या काळजात चर्र झालं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं सोसल्या असत्या. पण आपण जिचा घात केला तीच आपल्या बाजूनं उभी राहिली, हे सोसायला छाती लागते. ती बाकावरून उठली.

"द्वारका खोटा बोलता," ती म्हणाली. "तिचा काय्येक चुकूक नाय. बिया आधी आठवडाभर झाकून आंबवच्यो लागतत. ता मी तिका सांगूकच नाय. माझा नाव ऱ्हवाचा म्हणान."

द्वारकानं हातातला डाव पातेल्यात ठेवला.

"मी चव घेवन इचारूक इलंय," ती हळू आवाजात म्हणाली, "तेव्हाय तुका ठावक होता?"

"तेव्हाय."

द्वारकानं पदर खोचला आणि घरची वाट धरली. लोकही पांगले. आपूबायशी त्या दिवशी कुणी धड बोललं नाही, आणि तिलाही कुणी बोलावं असं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती द्वारकाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. द्वारका झाडत होती. तिनं बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

"झाडार अजून फळां आसत," आपूबाय म्हणाली. "येतंस? यावेळी सगळा सांगतंय."

द्वारका झाडायची थांबली. "नि मी उद्या गावाक सांगलंय तर?"

महिनाभर जिच्यापायी आपूबायनं एवढा खोटेपणा केला, ती भीती अजून तिथंच होती. ती एका रात्रीत कुठं जाते?

"तू कशाक सांगतंस," ती म्हणाली. "ज्येका शिकाचा आसा, तेका घेवनच ये."

द्वारका आली. तिच्यामागून आणखी काही बायका आल्या, थोड्या शिकायला आणि थोड्या गंमत बघायला. आपूबायनं डाव्या हातानं टोपली पानांनी मढवली, बिया भरल्या, गोणपाट टाकलं. दोन दिवसांनी तिनं द्वारकाचा हात धरून गोणपाटाखाली घातला. आत ऊब होती, तापलेल्या अंगासारखी. द्वारकाच्या चेहऱ्यावर नवल उमटलं, आणि त्या दिवसापासून ती आपूबायशी पहिल्यासारखी बोलू लागली. निदान जवळजवळ पहिल्यासारखी.

पुढचा नाताळ आला. हात बरा झालेली आपूबाय सवयीनं पातेल्याशी जाऊन उभी राहिली. द्वारकानं तिच्या हातातून डाव काढून घेतला.

"सर गे. बस थय."

आपूबाय बाकावर बसली. द्वारकानं पहिला पेला तिच्या हातात दिला. इतकी वर्षं नाताळला तिनं सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेला गार कोकोच प्यायला होता. नाताळचा गरम पेला तिच्या वाट्याला त्या दिवशी पहिल्यांदा आला. चांगला होता. तिच्याइतकाच, आणि खरं सांगायचं तर कणभर जास्तच. दुपारी घरोघरच्या पुड्या तिच्या दारात येऊ लागल्या. कुणी त्यात काजू घातले होते, कुणी वेलची, कुणाच्या वड्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. पण पुडी देताना प्रत्येक पोर एकच सांगत होतं, "आयेन आपूबायच्यो वडयो धाडल्यान."

वड्या कुणीही केल्या तरी त्या गावात त्यांना आता आपूबायच्या वड्याच म्हणतात.

तात्पर्य: आपली विद्या वाटल्यानं आपलं नाव पुसलं जात नाही, उलट घरोघरी पोचतं; पण ती विद्या लपवून मोठेपण टिकवू पाहणारा आधी विश्वासानं विचारणाऱ्याचाच घात करतो.