रिपोर्ट नॉर्मल आहे

दम्याने धापा टाकणाऱ्या माझ्या लेकीच्या, ओवीच्या रक्ताचा रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांनी हवेत फडकवला. "कार्बन डायऑक्साइड नॉर्मल! आयसीयू कशाला? वॉर्डात न्या."

मी लगेच सासूबाईंना कळवलंसुद्धा. नॉर्मल म्हटलं की माझं शिक्षण तिथेच संपतं.

शिकाऊ डॉक्टर तडवी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "सर, मिनिटभर ओवीसारखा श्वास घेऊन बघता?"

"काय पोरखेळ!" म्हणत सरांनी भराभर सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात चक्कर आली, खाटेचा कठडा धरावा लागला.

"एवढ्यात तुमचा कार्बन डायऑक्साइड उतरला, सर. ही सकाळपासून अशीच धापा टाकतेय, मग हिचाही उतरायला हवा होता. नॉर्मल कसा? हिचा श्वास पुरत नाहीये, ही थकत चाललीय."

सर स्वतःच खाट आयसीयूकडे ढकलू लागले. मी डॉक्टर तडवींकडे बघतच राहिले.

सासूबाईंचा फोन आला. "नॉर्मल आहे ना गं?"

"हो आई, म्हणूनच आयसीयूत नेतायत."