रिकाम्या दाराचे दहा सेकंद

कोल्हापूरचे दिग्दर्शक आबा माईणकर यांची एक खोड होती. पात्र दारातून निघून गेलं, तरी त्यांचा कॅमेरा रिकाम्या दाराकडे दहा सेकंद बघत राहायचा. आठ चित्रपट झाले. कथा बदलल्या, नट बदलले, पण दार काही सुटलं नाही. हे आठही चित्रपट नलूताईंनी संकलित केले होते, त्यामुळे त्यांना डोळे मिटूनही सेकंद मोजता यायचे.

नवव्या चित्रपटाला मात्र निर्माते रावसाहेब भडकले. संकलनाच्या खोलीत येऊन गरजले, "माणूस गेला, विषय संपला! बघायचंय काय त्या रिकाम्या दारात? नलूताई, चालवा कात्री. नाहीतर हा पिक्चर डब्यातच राहील!"

नलूताईंनी आबांकडे पाहिलं. आबा वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, "येतो रावसाहेब," म्हणाले आणि निघून गेले.

रावसाहेब दाराकडे बघत राहिले. नलूताईंनी कात्री खाली ठेवली आणि सवयीने मनात मोजायला सुरुवात केली.

"रागावले का हो आबा?" रावसाहेबांनी अखेर विचारलं. नजर अजून दारावरच होती.

"ते काही ठाऊक नाही. पण माणूस जाऊन वीस सेकंद झाले आणि तुम्ही अजून दारच बघताय. आम्ही तर दहाच ठेवलेत."

रावसाहेबांच्या मिशीत हसू फुटलं. "राहू द्या ते दार! पण आधी आबांना आत बोलवा."

"इथंच आहे मी," दाराआडून आवाज आला. "पण नलूताई, वीस नव्हे, बावीस."