कळीच्या दगडावरचं नाव

फार पूर्वी एका बंदराच्या गावाने एक प्रचंड चर्च बांधायला काढलं होतं, आणि ते काही केल्या बांधून होत नव्हतं. पणजोबांनी पाया खणला, आजोबांनी भिंती आणि पहिल्या कमानी उचलल्या, बापांनी पुढच्या. खाणीतून दगड आणायला बैल कमी पडत, म्हणून दर रविवारी प्रार्थना संपली की माणसंच गाड्यांना जुंपून घेत. कोळणी, सुतार, चुन्याचे भट्टीवाले, सगळे. पहिला दगड ओढणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की याचं छत आपल्याला दिसणार नाही. तरी त्यांनी ओढला.

त्या चर्चवर कोणाचंही नाव नव्हतं. फक्त प्रत्येक कमानीच्या मधोमध जो कळीचा दगड बसतो, त्यावर तो बसवणाऱ्या पाथरवटाची बोटभर खूण असे. ती मिरवण्यासाठी नव्हती. कमानीखालचा लाकडी आधार काढायच्या दिवशी, ज्याची खूण वर त्याने खाली उभं राहायचं, असा गावचा रिवाज होता.

शेवटची आणि सगळ्यांत रुंद कमान एका म्हाताऱ्या पाथरवटाच्या वाट्याला आली. त्याचा आजा असा उभा राहिला होता, बापही राहिला होता. बापाच्या खांद्यावर कमानीतून मूठभर चुना सांडला, तो त्याने आठवडाभर झटकला नव्हता. म्हाताऱ्याने कळीच्या दगडावर आपली खूण, एक छोटा मासा, कोरली आणि दगड चढवला. आता चुना घट्ट व्हायला एक हिवाळा आणि एक उन्हाळा जायला हवा होता.

पण गावाला नवा नगरशेठ मिळाला. त्याने जन्मात एक खडा उचलला नव्हता, पण त्याला घाई होती.

"पुढच्या रविवारी राजेसाहेब येतायत," तो म्हणाला. "त्या दिवशी आधार काढायचा."

"शेठ, चुना ओला आहे."

"वाळलाय. मी सांगतो ना!"

"तुम्ही हात लावून पाहिलात?"

"म्हातारबा, भीती वाटत असेल तर तसं सांग. उभा राहू नकोस. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही."

म्हातारा रात्रभर धुमसत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी भित्रा म्हटलं होतं. रविवारी सकाळी तो परांचीवर चढला आणि सांध्यात खिळा टोचून पाहिला. मळलेल्या कणकेत जावा तसा खिळा आत गेला. मग त्याने कळीच्या दगडाकडे पाहिलं. मासा तासून टाकलेला होता. त्याच्या जागी सोन्याचा मुलामा दिलेली वीतभर अक्षरं होती. नगरशेठचं संपूर्ण नाव, आडनावासकट, पदव्यांसकट.

म्हातारा खाली उतरला. उतरताना त्याला बसण्याची व्यवस्था दिसली, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. राजेसाहेबांची, धर्मगुरूंची आणि नगरशेठची खुर्ची त्याच्या आज्याने बांधलेल्या जुन्या कमानीखाली मांडली होती. गावकऱ्यांची बाकं नव्या कमानीच्या कडेकडेने होती. म्हणजे मरायचंच झालं तर कोणी, हेसुद्धा ठरलेलं होतं!

लोक जमले. वाजंत्री थांबली. सुतार हातोडे घेऊन आधाराच्या पाचरींपाशी उभे राहिले. नगरशेठ हसून म्हणाला, "चल म्हातारबा, उभा राहतोस ना?"

"मी कशाला?" म्हातारा म्हणाला. "माझी खूण तुम्ही पुसलीत. वर नाव तुमचं आहे. या शेठ, इथं उभे राहा."

वर पाहता पाहता लोकांच्या माना दुखल्या. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी नाव मोठ्याने वाचलं.

"मी? मी काय पाथरवट आहे?"

"नाही ना? मग पाथरवटाच्या जागी नाव कसं?"

"माझा गुडघा दुखतोय."

पहिल्या बाकावरून एक कोळीण ओरडली, "अहो शेठ, उभंच राहायचंय, नाचायचं नाहीये!"

नगरशेठने धर्मगुरूंकडे पाहिलं. धर्मगुरू प्रार्थनेच्या पुस्तकात काहीतरी शोधू लागले. राजेसाहेब खुर्चीत पुढे सरकून वाट पाहू लागले. नगरशेठने एकदा कमानीकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि पुटपुटला, "तसं... चुना अजून जरा वाळू दिला तर..."

"काय म्हणालात?" कोळीण ताडकन उठली. "म्हणजे ओला आहे? माझी सासू बसलीय इथं! तिने या चर्चसाठी चाळीस वर्षं दगड ओढलेत, आणि तिच्या डोक्यावर तुम्ही ओली कमान सोडणार होता?"

मग जो गलका उठला त्यात सुतारांनी हातोडे खाली टाकले. नगरशेठ बाजूच्या दाराने बाहेर पडला, तो पुन्हा त्या चर्चमध्ये दिसला नाही.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. म्हाताऱ्याने छिन्नीने ते नाव उडवलं. अक्षरं इतकी खोल होती की दगडाला खड्डाच पडला. त्या खड्ड्याच्या कडेला त्याने पुन्हा छोटा मासा कोरला, आणि आधार काढायच्या दिवशी तो कमानीखाली जाऊन उभा राहिला.

त्याच्या शेजारी कोळीण येऊन उभी राहिली.

"तू जा गं," म्हातारा म्हणाला. "खूण माझी आहे."

"दगड मीही ओढलाय, बाबा." ती हलली नाही. तिच्यामागून सासू आली, सुतार आले, भट्टीवाले आले. जागा पुरेना.

शेवटची पाचर निघाली. लाकूड करकरलं, आधार खाली बसला. कमान जिथं होती तिथंच राहिली. फक्त मूठभर चुना म्हाताऱ्याच्या खांद्यावर सांडला. तो त्याने झटकला नाही.

ती कमान अजून उभी आहे. पोरं वर बोट दाखवून विचारतात, त्या खड्ड्यात काय होतं? मोठी माणसं सांगतात, कोणाचं तरी नाव होतं म्हणे. कोणाचं, ते आता गावात एकालाही आठवत नाही. मासा कोणाचा, हे मात्र सगळे सांगतात.

तात्पर्य एवढंच: ज्याची खाली उभं राहायची छाती नाही, त्याने वर नाव कोरू नये.