लाल मूठ आणि तोंडावर पडणारा पतंग

वस्तू माणसांदेखत बोलत, त्या काळची गोष्ट. मृण्मयीला फळीवर उभी करून लाटांवरून ओढत नेणारा एक भला मोठा पतंग होता. तिच्या कमरपट्ट्याला एक लाल मूठ होती. ती ओढली की पतंगातला सगळा जोर जाई. पाण्यात शिरण्याआधी मृण्मयी रोज वाळूवर मूठ ओढून बघे आणि पतंग खेकड्यांसमोर तोंडावर आपटे.

"समुद्रात एकदा तरी कामाला आलीस का गं?" पतंग म्हणाला. "नुसती माझी शोभा करतेस!"

"नाही आले, ते बरंच आहे की," मूठ म्हणाली.

एके सकाळी मूठ हलेचना. आत वाळू अडकली होती.

"राहू दे ना, वारा निघून चाललाय!" पतंग फुरफुरला. मृण्मयी मात्र मूठ सुटेपर्यंत ती गोड्या पाण्याने धूत बसली.

त्याच दिवशी भर समुद्रात पतंगाच्या दोऱ्यांपैकी एक तुटली. तो गरागरा फिरत मृण्मयीला खडकांकडे ओढू लागला.

"मूठताई, थांबव गं मला!"

मृण्मयीने मूठ ओढली. ती खटकन सुटली. पतंग पाण्यावर सपाट पडला आणि त्याच्यावर पोट टेकून मृण्मयी हसत किनाऱ्याला लागली.

दुसऱ्या सकाळी वाळूवर पतंगच आधी ओरडला, "खेकड्यांनो, या रे सगळे! मी पडतोय!"